जुना बेसबॉल ग्लोव्ह: तेलाचं नंतर बघू, आधी लेस

तुमचा प्रश्न वाचला. शेजारच्या आजोबांनी त्यांचा सत्तरच्या दशकातला रॉलिंग्ज कंपनीचा ग्लोव्ह तुमच्या अकरा वर्षांच्या मुलाला दिलाय, मुलगा यंदा लिटल लीगला, म्हणजे मुलांच्या बेसबॉल लीगला, जायला लागलाय. ग्लोव्ह इतकी वर्षं बेसमेंटमध्ये पडून होता त्यामुळे कडक झालाय, वर पांढरं पांढरं काहीतरी आलंय, कुबट वास येतोय, आणि पहिल्याच दिवशी बॅकयार्डमध्ये खेळताना वेबची (अंगठा-तर्जनीमधल्या जाळीची) लेस तटकन तुटली. आता मऊ व्हायला कुठलं तेल चोळू, घरात खोबरेल आहे ते चालेल का, की सरळ नवीन घेऊ, असं तुम्ही विचारलंय.

मी शिकागोच्या बाजूला राहतो आणि ग्लोव्ह रिपेअरचं काम बरीच वर्षं करतोय, हिवाळा संपत आला की आसपासच्या लीगमधल्या मुलांचे आईबाप पिशव्या भरभरून ग्लोव्ह आणून देतात आणि त्यातले बहुतेक जण हेच विचारतात, तेल कुठलं. खरा प्रॉब्लेम मात्र बहुतेक वेळा तेलाचा नसतोच. चांगल्या ग्लोव्हचं चामडं जाड असतं, टॅनरीतच, म्हणजे चामडं कमावतात तिथेच, त्यात तेल आणि चरबी मुरवलेली असते, पन्नास वर्षांनीही ते आतून शाबूत असू शकतं. लेस म्हणजे चामड्याचीच पण अरुंद पट्टी, घाम तिला लागतो, ऊन तिला लागतं आणि बॉल आदळला की सगळी ओढही तिच्यावरच येते, त्यामुळे सगळ्यात आधी जाते ती लेस. तुमची वेबची लेस तुटली याचा अर्थ बाकीच्या लेसही त्याच वयाच्या आहेत आणि ओळीने तुटणार आहेत. वरून कितीही तेल चोळलंत तरी मेलेली लेस परत जिवंत होत नाही, ती फक्त बुळबुळीत होते आणि अजून ताणते, मग बोटं एकमेकांपासून लांब जातात, वेब लोंबायला लागतो, आणि मग लोक म्हणतात की ग्लोव्हच गेला.

ज्यांना हा खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी, वेब म्हणजे अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली जाळी, बॉल तळहातात नाही तर तिथे आणि तिच्या खालच्या खोलगट भागात पकडायचा असतो. पूर्वी ग्लोव्हला हे असं काही नव्हतंच, हाताला गादी बांधल्यासारखा तो प्रकार होता. १९१९-२० च्या सुमाराला सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचा पिचर (बॉल टाकणारा) बिल डोक याने रॉलिंग्जला सुचवलं की अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये चामड्याच्या लेस ओवून खिसा करा, आणि तिथून आजचा ग्लोव्ह सुरू झाला. म्हणजे लेस ही शिवणीसारखी कडेची गोष्ट नाही, ग्लोव्हचा आकार, तो कुठे दुमडतो, बॉल कुठे बसतो हे सगळं लेस ठरवते. म्हणून मी रिस्टोर म्हटलं की आधी लेसचाच विचार करतो.

आता नवीन घ्यावा की हाच करावा, हे सरसकट सांगता येणार नाही, ग्लोव्ह हातात घेऊन काही गोष्टी बघाव्या लागतील. पहिलं म्हणजे तो कुठल्या हाताचा आहे ते बघा. क्रिकेटवाल्या घरात इथे हमखास गोंधळ होतो. उजव्या हाताने थ्रो करणारा मुलगा ग्लोव्ह डाव्या हातात घालतो, म्हणजे 'राईट हँड थ्रो' लिहिलेला ग्लोव्ह डाव्या पंजाचा असतो. आजोबा डावखुरे असतील आणि मुलगा उजवा असेल तर पुढचं सगळं वाचायची गरजच नाही, तो ग्लोव्ह आठवण म्हणून ठेवा आणि खेळायला दुसरा घ्या.

दुसरं साईज. मऊ मोजपट्टी तर्जनीच्या टोकाला धरून आतल्या बाजूने खिशातून खाली टाचेपर्यंत न्या, म्हणजे मनगटाजवळचा खालचा काठ येतो तिथपर्यंत. मोठ्यांचे इनफिल्डचे ग्लोव्ह साधारण सव्वाअकरा ते पावणेबारा इंच असतात, आउटफिल्डचे बारा ते पावणेतेरा. अकरा वर्षांच्या मुलाला अकरा-साडेअकराचा बरा पडतो, पावणेतेराचा दिलात तर तो नुसता हातावर लटकत राहील आणि तो बंद करता करताच मुलगा दमेल. मुलगा थोराड असेल, हाताची पकड चांगली असेल तर थोडा मोठा चालून जातो, त्याला घालून बघू दे आणि एका हाताने तो मिटता येतोय का ते बघा, पण हे लेस बदलल्यावर बघा, आत्ताच्या कडकपणावर नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं, चामडं जिवंत आहे का. मनगटाच्या पट्ट्याजवळ किंवा बोटाच्या मागे चामडं हळूच वाकवून बघा. नुसत्या बारीक रेषा पडल्या तर काळजी नाही. वरचा थर तडकून खालचे धागे दिसले तर त्या जागेचं काम वाढेल. आणि बोटाने घासल्यावर लालसर-तपकिरी पूड निघत असेल तर त्याला रेड रॉट म्हणतात, वनस्पतीच्या सालीने टॅन केलेल्या जुन्या चामड्यात ते होतं आणि ते मागे फिरत नाही, त्यावर ना तेल चालतं ना लेस टिकते, कारण भोकंच फाटत जातात. सत्तरच्या दशकातल्या ग्लोव्हमध्ये हे क्वचित दिसतं, कारण तोपर्यंत बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी टॅन केलेलं असायचं. तुमच्या ग्लोव्हवर 'हार्ट ऑफ द हाईड' असा शिक्का असेल तर ती रॉलिंग्जची १९५८ पासूनची वरची रेंज आहे, अजिबात टाकू नका. तसंच विल्सन कंपनीचं ए२००० मॉडेल, ते १९५७ चं. उलट वरचा भाग चामड्याचा आणि आतून रेक्झिनसारखं काहीतरी सोलून निघतंय असं असेल तर त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा, बोटं एकमेकांना न बांधलेला ग्लोव्ह कोणाच्या हाती लागला तर त्याला काहीच करू नका, लेससुद्धा बदलू नका, तो संग्राहकांचा माल आहे आणि मूळ लेसचीच तिथे किंमत असते.

आता पांढरं काय आहे ते. ते दोनपैकी एक असतं, बुरशी किंवा चामड्यातली चरबी थंडीत पृष्ठभागावर येऊन गोठलेली. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे हेअर ड्रायर सगळ्यात कमी गरम ठेवून लांबून क्षणभर फिरवायचा, चरबी असेल तर विरघळून नाहीशी होते, बुरशी तशीच राहते. कुबट वास येतोय त्यावरून मला तुमची बुरशी वाटते. मग ग्लोव्ह घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने कोरडाच झाडा, मास्क लावा, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून फडकं नुसतं ओलसर करून पुसा, बोटांच्या आतपर्यंत. मग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, एक-दोन दिवस. उन्हात नाही, हीटरवर नाही, आणि ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह तर कधीच नाही. ओलं चामडं तापलं की त्यातलं कोलॅजन आकसतं, साली-टॅनच्या चामड्यात हे सत्तर-ऐंशी डिग्री सेल्सियसलाच होतं, आणि एकदा आकसलं की ते परत सुटत नाही. वासासाठी बेकिंग सोडा लोक थेट आत ओततात, तसं नको, तो अल्कली आहे आणि चामडं स्वभावाने आम्लाकडे झुकणारं असतं. फडक्याच्या पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवा, तेवढं पुरतं.

स्वच्छ करायला सॅडल सोप (चामड्याचा साबण) चालतो पण तोही अल्कलीच असतो, म्हणून फेस फेस करून धुवायचं नाही, ओलसर स्पंजवर थोडासा घ्यायचा, वर्तुळात फिरवायचा, लगेच साध्या ओल्या फडक्याने काढून टाकायचा. लेक्सॉल कंपनीचा क्लीनर मला जास्त बरा वाटतो कारण तो चामड्याला मानवेल असाच बनवलेला आहे. पट्ट्यावर किंवा आत आजोबांनी पेनने नाव लिहिलं असेल तर तिथे फडकं फिरवू नका, जुनी शाई अल्कोहोलने लगेच पसरते.

आता तेल. खोबरेल नको. चोवीस-पंचवीस डिग्रीच्या खाली खोबरेल गोठतं हे आपल्याकडे थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहिती आहे, इथल्या गॅरेजमध्ये तर ते वर्षातले कितीतरी महिने चामड्यात गोठूनच राहील आणि परत तेच पांढरं वर येईल. दुसरी चूक आपल्या क्रिकेटवाल्यांची खास, बॅटला लावतात ते अळशीचं तेल ग्लोव्हला लावणं. बॅटला ते ठीक आहे कारण अळशीचं तेल हवेत वाळून घट्ट होतं आणि लाकडाला तेच हवं असतं. चामड्याला नेमकं उलट हवं असतं. चार-सहा महिन्यांत तो ग्लोव्ह पहिल्यापेक्षा कडक होतो, आणि मुरलेलं ते तेल नंतर काढता येत नाही.

नीट्सफूट ऑइल, म्हणजे गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल, हे चामड्याचं जुनं खरं तेल, पण घेताना शुद्ध घ्या, 'कंपाउंड' लिहिलेल्यात खनिज तेल मिसळलेलं असतं. आणि ते रंग गडद करतं, थोडं जास्त झालं की ग्लोव्ह जड आणि लिबलिबीत होतो. मी बहुतेक वेळा लॅनोलिनवालं (मेंढीच्या लोकरीतली चरबी असलेलं) कंडिशनर किंवा रॉलिंग्जचं ग्लोव्होलियम वापरतो आणि तेही किती, तर बोटाच्या टोकावर राहील एवढंच एका वेळी, फडक्यावर घेऊन. कोरडं पडलेलं असतं तिथेच लावायचं, म्हणजे बोटांच्या मागची बाजू, वेब, आणि ग्लोव्ह मिटताना जिथे मोडतो ती करंगळी-अंगठ्याखालची घडी. टाचेत हात आखडता घ्या, आत नमद्याची गादी असते, ती तेल पिते आणि सोडत नाही. एक हात लावा, रात्रभर ठेवा, सकाळी बघा, अजून कोरडं वाटलं तरच दुसरा. कंडिशनर लेस बदलायच्या आधी लावायचं याचं कारण असं की भोकांच्या कडा मऊ झाल्या की नवीन लेस ओढताना त्या फाटत नाहीत.

आता मुख्य काम. लेस घेताना रुंदी आधी मोजा, आणि बाहेर दिसणाऱ्या लेसची नाही, ती ताणून ताणून बारीक झालेली असते. वेबखाली दडलेला किंवा टाचेच्या आतला तुकडा मोजा. मोठ्यांच्या ग्लोव्हला बहुतेक ३/१६ इंच लागते, कॅचरच्या (बॅटरच्या मागे बसणाऱ्याच्या) काही मिटला, म्हणजे त्याच्या जाड ग्लोव्हला, १/४, लहान मुलांच्या ग्लोव्हला त्याहून बारीक. लांबी ७२ इंचाची घ्या, पूर्ण ग्लोव्हला अशा तीन-चार लागतात. दुकानात रॉहाईड नावाने मिळते ती टॅन केलेली लेस असते, तीच हवी. क्राफ्टच्या दुकानातलं खरं कच्चं कातडं नको, ते भिजून वाळलं की काठीसारखं होतं. बुटाची नाडी, नायलॉनची दोरी यांनी लोक काम भागवतात, पण त्या चामड्याला कापत जातात आणि शेवटी भोकं फाटतात. सोबत लेस ओवायची सुई घ्या, ती बोथट असते आणि मागच्या टोकात लेस अडकवता येते, शिवाय एक पक्कड आणि भोकं सरळ रेषेत आणायला बोथट टोच्या. धारदार आरी नको, ती भोक मोठं करते.

सगळ्या लेस एकदम कापून टाकू नका, ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. आधी फोटो काढा, पुढून, मागून, वेबच्या दोन्ही बाजू, टाच, आणि हात घालतो तिथून आतमध्ये. मग एक लेस काढायची, तिच्या जागी नवी घालायची, मगच दुसरी. कारण ग्लोव्ह म्हणजे थरांचा मामला आहे, टाचेपाशी तर तळव्याचं चामडं, मधली गादी आणि अस्तर असे तीन थर एकाच लेसने धरलेले असतात, सगळी लेस निघाली की गादी आत सरकते आणि मग भोकांवर भोकं परत जुळवायची म्हणजे संध्याकाळ जाते.

तुमची वेबची लेस तुटलेलीच आहे तर तिथूनच सुरू करा. नवी लेस हातात घेऊन सगळ्या लांबीभर थोडी थोडी ओढून बघा, कच्ची जागा असेल तर आत्ताच तुटू दे, आणि सुरुवातीची ताणही निघून जाते. टोक तिरकं कापा, थोडं कंडिशनर लेसला चोळा म्हणजे ती सरकते. दुसऱ्या टोकाला गाठ मारा, ती आतल्या बाजूला राहील अशी, हाताला टोचणार नाही अशा जागी. वेबच्या वरच्या काठाची लेस बहुतेक ग्लोव्हमध्ये अंगठ्याच्या टोकातून निघून वेबच्या भोकांमधून तर्जनीच्या टोकाकडे जाते, पण वेबच्या प्रकाराप्रमाणे मार्ग बदलतो म्हणून तुमच्या फोटोवर विश्वास ठेवा, इंटरनेटवरच्या दुसऱ्याच मॉडेलच्या चित्रावर नाही. लेसची एक बाजू गुळगुळीत असते, एक खरखरीत. गुळगुळीत बाजू सतत बाहेर राहिली पाहिजे आणि कुठेही पीळ पडता कामा नये, पिळलेल्या जागी ती स्वतःलाच घासते आणि पुढच्या वेळी तिथेच तुटते. प्रत्येक भोकातून लेस बाहेर आली की भोकाच्या सरळ रेषेत ओढा, आडवी ओढली की भोकाची कड कापली जाते. आणि हळू ओढा, झटक्याने सहा फूट लेस भोकातून सर्रकन काढली तर घर्षणाने ती सोलवटते.

वेब घट्ट हवा, कारण सगळा धक्का तिथे बसतो. बोटांच्या टोकांची लेस मात्र सैलसर, बोटं एकमेकांना जेमतेम टेकली पाहिजेत, ती करकचून बांधली तर ग्लोव्ह उघडतच नाही. बहुतेक लोक टाचेत फसतात. तिथे लेस करकचून ओढली की ग्लोव्ह मिटायचा थांबतो आणि मुलगा म्हणतो अजून कडकच आहे, मग घरचे परत तेल चोळतात. तबल्याची वादी एका घरात ओढली की समोरच्या घराचा ताण बदलतो ना, अगदी तसंच इथे होतं, म्हणून आधी पूर्ण लेस सैल ओवून घ्या, मग पहिल्या भोकापासून एकेक टप्पा समान ओढत शेवटपर्यंत या, परत एक फेरी करा, मध्ये मध्ये हात घालून ग्लोव्ह मिटून बघा. प्रत्येक भोकात लेस तिन्ही थरांतून गेलीय ना हे टोच्याने चाचपा, गादीचं भोक चुकलं तर बाहेरून काही कळत नाही पण महिन्याभरात गादी गोळा होऊन एका बाजूला जाते. टाचेनंतर उरतात अंगठ्याच्या आणि करंगळीच्या आतले छोटे फास, ते मुलाच्या बोटाच्या मापाने घट्ट करता येतात, आणि मोठा ग्लोव्ह लहान हाताला बसवायचा असेल तर सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो.

एखादं भोक फाटलेलं निघालं तर त्याच्या मागे पातळ चामड्याचा तुकडा लावून, मेणाच्या नायलॉन दोऱ्याने जुन्याच टाक्यांच्या भोकांतून हाताने शिवा. मशीनने नवीन भोकं पाडू नका, शेजारी शेजारी भोकं पडली की तिथे तिकिटासारखं फाटतं.

सगळं झालं तरी उरलेली शेपटं लगेच कापू नका. नवीन लेस पहिल्या काही खेळांत ताणतेच, म्हणून आठवडाभर बापलेकाने किंवा मायलेकाने रोज थोडा वेळ कॅच खेळा, मग परत एकदा सगळीकडे ओढून घ्या, शेवटच्या गाठी मारा आणि इंच-दीड इंच शेपूट ठेवून कापा. घडी नीट बसवायला खिशात बॉल ठेवून ग्लोव्ह मिटून रात्री सैल बांधून ठेवा. गादीखाली दाबून ठेवायची पद्धत आहे इथे, त्याने ग्लोव्ह सपाट होतो, मी ती करायला सांगत नाही. आणि पुन्हा बेसमेंटमध्ये नको, घरात कपाटाच्या वरच्या फळीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत न घालता.

खर्चाचं म्हणाल तर चांगली ७२ इंची लेस साधारण पाच ते आठ डॉलरला एक पडते, सुई आणि कंडिशनर धरून सगळं पन्नासच्या आत बसावं. रिपेअरवाला पूर्ण ग्लोव्हचे साठ ते शंभर घेईल, लेसच्या दर्जावर आणि गावावर आहे. घरी पहिल्यांदा करताय तर एक अख्खा वीकेंड धरा, आणि मुलाला सोबत बसवा, अकरा वर्षांच्या मुलाला वेबची लेस छान ओवता येते आणि मॅचच्या मध्येच ती सैल झाली तर ती त्याची त्याला घट्ट करता येईल.

तर तुमच्यासाठी क्रम असा धरा: हात आणि साईज तपासा, बुरशी काढा, सावलीत वाळवा, कंडिशनरचा एक हलका हात, मग वेब, बोटं, टाच या क्रमाने एकेक लेस. आतल्या लेसची रुंदी मोजून आणि वेबचे दोन्ही बाजूंचे फोटो टाकलेत तर तुमच्या मॉडेलची लेस कुठून सुरू होते आणि कुठे संपते ते मी बघून सांगतो, ऑर्डर त्यानंतरच करा.